रास्पबेरी पाय ४ : कर्नलमध्ये डीएमए चालू केल्यावर एकाच बोर्डावर ब्लॉकचे पहिले ४० बाइट जुने येतात

मोजणीकार यांचा प्रश्न

नमस्कार. यंत्रांच्या कंपनांची मोजणी करण्यासाठी आम्ही एक एडीसी (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) रास्पबेरी पाय ४ या लहान संगणक-बोर्डाला एसपीआय या सिरियल जोडणीने जोडला आहे आणि त्यासाठी लहानसा कर्नल ड्रायव्हर लिहिला आहे. कर्नल मुख्य शाखेतील ६.६ आवृत्तीचा, ६४-बिट आर्मसाठी स्वतः बांधलेला आहे. बूट लवकर व्हावे म्हणून मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत) अनावश्यक वाटलेले बरेच पर्याय बंद केले होते, त्यांत «डीएमए इंजिन सपोर्ट» हा संपूर्ण विभागही होता (डीएमए म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता उपकरण आणि मेमरी यांच्यात थेट होणारी माहितीची ने-आण). त्या अवस्थेत माहिती अचूक येत होती, परंतु १०२४ बाइटांचे ब्लॉक सतत वाचताना एक प्रोसेसर जवळजवळ पूर्ण गुंतून राहत होता.

म्हणून आता डीएमए चालू करायचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात फक्त «डीएमए इंजिन सपोर्ट» चालू केले, त्याखालचे काहीच निवडले नाही, तर एसपीआयच नाहीसा झाला. आमचा ड्रायव्हर सुरूच होईना. नंतर त्याखालील «बीसीएम२८३५ डीएमए इंजिन सपोर्ट»ही निवडले आणि एसपीआय परत आला, प्रोसेसरवरील भारही उतरला.

खरी अडचण त्यानंतरची आहे. ४ जीबीच्या बोर्डावर सर्व काही बरोबर चालते. तोच कर्नल, तोच ड्रायव्हर आणि तोच एडीसी १ जीबीच्या बोर्डावर नेला की अधूनमधून एखाद्या ब्लॉकचे पहिले ४० बाइट मागच्या ब्लॉकचे येतात. उरलेले ९८४ बाइट नेहमी नवे आणि बरोबर असतात. ड्रायव्हरची रचना अशी आहे : सुरुवातीला एसपीआय उपकरणाचा ८ बाइटांचा पॉइंटर, मग ८ बाइटांचा नमुना-गणक, मग स्थितीसाठी ४ बाइट आणि ४ बाइट राखीव, त्यानंतर १०२४ बाइटांचा वाचन-बफर आणि शेवटी वेळेची नोंद. ही संपूर्ण रचना केझॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागण्याच्या फंक्शनने) घेतली आहे. एडीसीकडून «माहिती तयार» असा इंटरप्ट आला की त्याचा हँडलर नमुना-गणक एकाने वाढवतो. वेळेची नोंद मात्र वाचन पूर्ण झाल्यावरच केली जाते.

एका जुन्या लेखात «डीएमए आपोआप वापरा» असा पर्याय कर्नलमध्ये निवडून नंतर एचडीपार्म आज्ञेने तो चालू करावा, असे सुचवले आहे. मला तो पर्याय मेन्यूत कुठेच सापडला नाही. १ जीबीच्या बोर्डावर मेमरी अपुरी पडत असावी असा माझा अंदाज आहे. नेमके कोणते पर्याय निवडावेत?

---

धातुफलक यांचे उत्तर

१ जीबीच्या बोर्डावरच अडचण येते आहे, तेव्हा प्रथम सीएमएकडे, म्हणजे सलग मेमरीसाठी राखलेल्या भागाकडे, पाहावे असे मला वाटते. डीएमएला लागणारी सलग मेमरी याच राखीव भागातून दिली जाते आणि कर्नलमध्ये त्याचे मूळ माप १६ एमबी असते. बूटच्या आज्ञापंक्तीत «सीएमए=६४एम» असे लिहून ते वाढवता येते; आज्ञापंक्तीतील आकडा डिव्हाइस ट्रीमधील (बोर्डावरील उपकरणांचे कर्नलसाठी केलेल्या वर्णनातील) राखीव भागापेक्षा वरचढ ठरतो, त्यामुळे कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. बदल लागू झाला की नाही, हे मेमइन्फो फाइलमधील «सीएमएटोटल» आणि «सीएमएफ्री» या ओळींवरून कळेल.

---

कर्नलवाचक यांचे उत्तर

धातुफलक यांनी सीएमएविषयी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती या प्रश्नाला लागू पडत नाही. कॅमेरा किंवा पडद्यासाठी काही मेगाबाइटांचा सलग बफर मागितला जातो, तेव्हा सीएमए कामाला येते. येथे १०२४ बाइटांचा बफर केझॅलॉकमधून आधीच मिळालेला आहे. शिवाय मेमरी अपुरी पडली असती तर मागणी नाकारली गेली असती आणि त्रुटीचा क्रमांक परत आला असता. ब्लॉकचे ठरावीक बाइट जुने राहिले नसते.

जुन्या लेखाचा विषय आधी संपवतो. तो पर्याय आणि एचडीपार्मची ती आज्ञा जुन्या आयडीई हार्डडिस्क ड्रायव्हरांसाठी होती. ते सर्व ड्रायव्हर २०२१ साली कर्नल ५.१४ मधून काढून टाकले गेले. त्यांची जागा लिबएटीए या नव्या डिस्क-ड्रायव्हर संचाने फार पूर्वीच घेतली होती आणि त्यात डीएमए हाताने चालू करावा लागत नाही. आपल्या एसपीआयशी त्या सल्ल्याचा काहीही संबंध नाही.

आता एसपीआय का नाहीसा झाला ते पाहू, कारण त्यातून पर्यायांची रचना स्पष्ट होते. डिव्हाइस ट्रीमध्ये एसपीआयच्या नोडवर «डीएमएज» हा गुणधर्म लिहिलेला असतो आणि सुरू होताना एसपीआयचा ड्रायव्हर त्यानुसार चॅनल मागतो. डीएमए इंजिनचा संपूर्ण विभाग बंद असेल तर या मागणीला तत्काळ «असे उपकरण नाही» असे उत्तर मिळते आणि ड्रायव्हर पोलिंग (प्रोसेसरने स्वतः वारंवार तपासून वाचणे) व इंटरप्ट यांवर काम चालवतो. आपली पहिली अवस्था हीच होती. विभाग चालू आहे पण बीसीएम२८३५चा नियंत्रक निवडलेला नाही, अशा वेळी कर्नलला डिव्हाइस ट्रीत नियंत्रकाचे नाव दिसते, परंतु तो नोंदणीकृत झालेला नसतो. तो अजून यायचा आहे, असे गृहीत धरून कर्नल एसपीआयला थांबायला सांगतो आणि एसपीआय कधीही न येणाऱ्या नियंत्रकाची वाट पाहत राहतो. असा संशय आला की डीबगएफएसमधील (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेतील) «डिव्हाइसेस_डिफर्ड» ही फाइल उघडावी. थांबलेल्या उपकरणांची नावे तेथे मिळतात. म्हणजे हे दोन्ही पर्याय एकत्र चालू तरी ठेवावेत किंवा एकत्र बंद तरी करावेत. नियंत्रक मॉड्यूल म्हणून बांधला तरी चालतो, मात्र ते मॉड्यूल चढेपर्यंत एसपीआय येणार नाही.

त्याच «डीएमएज» गुणधर्मात ६ आणि ७ असे अंक दिसतील. ते डीएमए चॅनलांचे क्रमांक आहेत असे समजून बदलणारे बरेच जण भेटतात. प्रत्यक्षात ते एसपीआयच्या पाठवण्याच्या आणि वाचण्याच्या विनंती-रेषांचे क्रमांक आहेत. चॅनल कोणता द्यायचा ते नियंत्रकाचा ड्रायव्हर स्वतः ठरवतो. तसेच नियंत्रकाच्या नोडवर उपलब्ध चॅनलांचा जो मुखवटा लिहिलेला असतो त्याला हात लावू नये, कारण काही चॅनल फर्मवेअर स्वतःसाठी वापरते.

डीएमए खरोखर वापरला जातो आहे का, हे प्रोसेसरच्या भारावरून ठरवण्यापेक्षा मोजून पाहणे चांगले. डीबगएफएसमध्ये या एसपीआय ड्रायव्हरची स्वतंत्र निर्देशिका असते आणि तीत पोलिंगने, इंटरप्टने व डीएमएने झालेल्या वाचनांचे वेगवेगळे गणक असतात. हा ड्रायव्हर ९६ बाइटांपेक्षा लहान व्यवहारांसाठी डीएमए वापरतच नाही, कारण तेवढ्यासाठी चॅनलची मांडणी करणेच महाग पडते. म्हणून एडीसीला दिलेल्या चार-सहा बाइटांच्या आज्ञा पोलिंगच्या गणकात दिसतील आणि १०२४ बाइटांचे ब्लॉक डीएमएच्या गणकात दिसतील. आपल्याकडे तसे दिसत असेल तर कर्नलची मांडणी बरोबर झाली आहे आणि उरलेला दोष कोणत्याही पर्यायाने जाणार नाही.

---

तळपातळी यांचे उत्तर

कर्नलवाचक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोष ड्रायव्हरच्या रचनेतच आहे, आणि आपण रचनेतील प्रत्येक घटकाचे माप दिले म्हणून तो येथे बसूनही मांडता येतो.

बफराच्या आधी ८, ८, ४ आणि ४ असे एकूण २४ बाइट आहेत. पाय ४ मधील कॉर्टेक्स-ए७२ या प्रोसेसरची कॅश-लाइन, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरची जलद कॅश यांच्यात एकदम ये-जा करणारा तुकडा, ६४ बाइटांची असते. एवढी मोठी रचना केझॅलॉककडून २०४८ बाइटांच्या सीमेवर मिळते, म्हणजे रचनेची सुरुवात आणि एका कॅश-लाइनची सुरुवात एकच. त्या पहिल्या लाइनमध्ये २४ बाइट आपल्या गणकाचे व इतर घटकांचे आणि उरलेले ४० बाइट वाचन-बफराचे आहेत. जे ४० बाइट जुने येतात ते हेच.

घडते ते असे. वाचन सुरू करताना कर्नल बफराच्या कॅश-लाइन मेमरीत लिहून घेतो आणि डीएमए नियंत्रकाला पुढे जाऊ देतो. पाय ४ वर हा नियंत्रक प्रोसेसरच्या कॅशशी सुसंगत नाही. तो थेट मेमरीत लिहितो आणि कॅशला त्याचा पत्ता नसतो. वाचन चालू असतानाच इंटरप्ट येतो आणि हँडलर गणक वाढवतो. गणक वाढवण्यासाठी प्रोसेसर ती संपूर्ण ६४ बाइटांची लाइन कॅशमध्ये आणतो. त्या क्षणी डीएमएने अजून तेथे लिहिलेले नसेल तर लाइनबरोबर मागच्या ब्लॉकचे ४० बाइटही कॅशमध्ये येतात आणि गणक बदलल्यामुळे ती लाइन «मेमरीत लिहिणे बाकी» अशी ठरते. पुढे डीएमए मेमरीत नवे बाइट लिहितो. वाचन संपल्यावर कर्नल बफराच्या लाइन अवैध करतो, पण कडेच्या अर्धवट लाइनमध्ये दुसऱ्या कोणाची माहिती असू शकते म्हणून ती टाकून न देता आधी मेमरीत लिहितो. त्या लिहिण्यात नव्या ४० बाइटांवर जुने ४० बाइट बसतात. इंटरप्ट नेमका त्या छोट्या अवधीत आला तरच असे होते, म्हणून दोष अधूनमधून दिसतो.

बफराच्या शेवटच्या टोकालाही हीच स्थिती आहे. बफर १०४८व्या बाइटला संपतो, म्हणजे त्याचे शेवटचे २४ बाइट वेळेच्या नोंदीबरोबर एकाच लाइनमध्ये आहेत. तेथे बिघाड दिसत नाही, कारण ती नोंद वाचन संपल्यावर केली जाते. उद्या कोणी ती इंटरप्ट हँडलरमध्ये हलवली तर ब्लॉकचे शेपूटही जुने येऊ लागेल.

पोलिंगच्या काळात हा दोष का दिसला नाही, हेही यातून कळते. तेव्हा बफर प्रोसेसर स्वतःच भरत होता आणि सगळी ये-जा कॅशमधूनच होत होती.

---

मोजणीकार

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. डीएमएचा गणक पाहिला. ब्लॉक डीएमएनेच येत आहेत आणि आज्ञा पोलिंगने जात आहेत. तळपातळी यांचे विवेचन वाचून ४० या आकड्याचा उलगडा झाला. तरीही एक शंका उरते. ४ जीबीच्या बोर्डावर प्रोसेसर तोच आहे, कॅश-लाइन तेवढीच आहे आणि रचनाही तीच आहे. मग तेथे एकही ब्लॉक का बिघडत नाही?

---

तळपातळी

आपली शंका अतिशय योग्य आहे आणि तिच्या उत्तरात या बोर्डावरील डीएमएचा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे.

बीसीएम२७११ या चिपमधील सर्वसाधारण डीएमए चॅनलांना फक्त पहिल्या १ जीबी मेमरीचा पत्ता देता येतो. ही मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये «डीएमए-रेंजेस» या गुणधर्मातून कर्नलला सांगितलेली असते. ६४-बिट आर्म कर्नल तिची दखल घेऊन या बोर्डावर पहिल्या १ जीबीचा वेगळा «डीएमए झोन» करतो आणि त्यापुढील मेमरी, ४ जीबीपर्यंत, «डीएमए३२ झोन»मध्ये धरतो. झोनइन्फो फाइलमध्ये दोन्ही बोर्डांची तुलना करून पाहा.

साधी मेमरी मागितल्यावर कर्नल आधी वरच्या झोनमधून देतो; मर्यादित पत्त्यांची खालची मेमरी तो शक्यतो राखून ठेवतो. म्हणून ४ जीबीच्या बोर्डावर आपली रचना बहुधा १ जीबीच्या वर जाते, जिथे डीएमए चॅनल पोहोचूच शकत नाही. एसपीआय कोअर (कर्नलमधील एसपीआयचा सामाईक भाग) बफर डीएमएसाठी मॅप करतो, म्हणजे डीएमएला वापरता येईल असा त्याचा पत्ता ठरवतो, तेव्हा कर्नलला ही गोष्ट कळते आणि तो स्विओटीएलबीकडे वळतो. ही खालच्या मेमरीत राखलेली मधली जागा आहे. तिचे नेहमीचे माप ६४ एमबी असते. डीएमए त्या मधल्या जागेत लिहितो आणि वाचन संपल्यावर प्रोसेसर तेथून आपल्या बफरात प्रत करतो. शेवटची प्रत प्रोसेसरनेच केल्यामुळे गणकाबरोबर लाइन वाटून घेतली तरी काही बिघडत नाही. १ जीबीच्या बोर्डावर सगळीच मेमरी चॅनलच्या आवाक्यात असल्याने डीएमए थेट आपल्या बफरात लिहितो आणि दोष उघड होतो.

याची खात्री करायची असल्यास ४ जीबीच्या बोर्डावर ट्रेसिंगमधील «स्विओटीएलबी_बाउन्स्ड» ही घटना चालू करून एखादा ब्लॉक वाचावा. प्रत्येक ब्लॉकमागे नोंद दिसेल. मात्र हा बोर्ड निर्दोष आहे असे समजू नये. बराच वेळ काम करून वरच्या झोनमधील मोकळी मेमरी संपत आली असेल आणि अशा वेळी आपले मॉड्यूल चढवले, तर रचना खालच्या झोनमध्ये जाऊ शकते आणि हाच दोष तेथेही येईल.

दुरुस्तीसाठी वाचन-बफर रचनेतून काढून केमॅलॉकने स्वतंत्र घ्यावा आणि रचनेत फक्त त्याचा पॉइंटर ठेवावा; मला हाच मार्ग अधिक पसंत आहे, कारण नंतर कोणी रचनेत नवा घटक घातला तरी बफराला धक्का लागत नाही. बफर रचनेतच ठेवायचा असेल तर तो शेवटी न्यावा, त्यानंतर काहीही ठेवू नये आणि त्याला «आर्च_डीएमए_मिनअलाइन» इतकी सीमा द्यावी. ६४-बिट आर्मवर ही सीमा १२८ बाइटांची आहे. प्रत्यक्ष लाइन ६४ बाइटांची असली तरी आपण स्वतः ६४ लिहू नये. हा कर्नल वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालतो आणि तो आकडा कर्नलनेच ठरवलेला बरा.

---

धातुफलक

सीएमएविषयीचा खुलासा पटला. एक विचारतो : कर्नल ६.५ पासून ६४-बिट आर्मवर लहान केमॅलॉक बफर आपोआप स्विओटीएलबीमार्फत सुरक्षित केले जातात असे वाचले होते. मोजणीकार ६.६ वापरत आहेत, तर त्यांना ते संरक्षण का मिळाले नाही? आणि बफर डीएमए_अलॉक_कोहेरंटने (कॅशशी सुसंगत राहणारी मेमरी देणाऱ्या फंक्शनने) घेतला तर कॅशचा प्रश्नच मिटणार नाही का?

---

कर्नलवाचक

ती सोय खरी आहे, पण कर्नल तेथे केवळ मापावरून निर्णय घेतो. मागितलेले माप लहान असेल तर तो बफर दुसऱ्या कोणाबरोबर कॅश-लाइन वाटून घेत असेल, असे धरून मधली जागा वापरतो. १०२४ बाइटांचा तुकडा मोठा असल्यामुळे तो नीट सीमेवर आहे असेच गृहीत धरले जाते. तो एखाद्या रचनेच्या मध्यातून, २४व्या बाइटपासून सुरू होतो, हे कर्नलला कळत नाही. ती जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्याचीच राहते.

कोहेरंट बफर येथे देऊ नये. तो अशा ड्रायव्हरांसाठी आहे जे डीएमएचा पत्ता स्वतः उपकरणाच्या रजिस्टरमध्ये लिहितात. एसपीआय उपकरणाचा ड्रायव्हर तसे करत नाही. तो साधा पत्ता एसपीआय कोअरला देतो आणि कोअर तो पत्ता डीएमए नियंत्रकाच्या नावाने स्वतः मॅप करतो. आधीच कोहेरंट म्हणून घेतलेला बफर पुन्हा मॅप करणे डीएमए एपीआयच्या नियमांत बसत नाही. याच कारणामुळे आपल्या एसपीआय ड्रायव्हरमध्ये डीएमए मास्क (उपकरण कोठपर्यंतचे पत्ते वापरू शकते ती मर्यादा) ठरवण्याचीही गरज नाही. मॅपिंग ज्या उपकरणाच्या नावाने होते त्या नियंत्रकाचा मास्क त्याच्या ड्रायव्हरने ठरवलेला असतो.

विकासाच्या काळात «डीएमए-एपीआय डीबगिंग» हा पर्याय अवश्य चालू ठेवावा. मेन्यूकॉन्फिगमध्ये तो «लायब्ररी रूटीन्स»खाली मिळतो. स्टॅकवरचा बफर मॅप केला, मॅपिंगचा निकाल तपासला नाही, मॅप केलेले सोडले नाही किंवा वेगळ्या मापाने सोडले, अशा गोष्टी तो कर्नलच्या नोंदीत लिहितो आणि नोंदींचा पूर ओसरण्यासाठी एकाच ड्रायव्हरपुरती गाळणीही लावता येते. मात्र मोजणीकारांच्या दोषासारखा प्रकार त्याला दिसत नाही, कारण मॅपिंग चालू असताना शेजारच्या घटकात प्रोसेसरने लिहिले, यावर तो नजर ठेवत नाही. विक्रीच्या किंवा कायम चालणाऱ्या कर्नलमध्ये तो बंद करावा. प्रत्येक मॅपिंगची नोंद ठेवण्यात वेळ जातो.

एक्स८६ संगणकांवर शिकलेल्या मंडळींना हा विषय अनोळखी वाटतो, त्याचे कारण तेथे पीसीआय उपकरणांचा डीएमए कॅशशी सुसंगत असतो. अशी रचना तेथे वर्षानुवर्षे विनातक्रार चालते आणि आर्मच्या बोर्डावर आणली की पहिल्याच दिवशी बिघडू शकते. म्हणून बफराची सीमा सांभाळणे हे सर्व प्रोसेसरांवर करावे.

---

मोजणीकार

बफर केमॅलॉकने स्वतंत्र घेतला आणि दोन्ही बोर्डांवर रात्रभर वाचन चालू ठेवले. १ जीबीच्या बोर्डावर एकही ब्लॉक बिघडला नाही. ४ जीबीच्या बोर्डावर ट्रेसिंग चालू केल्यावर, सांगितल्याप्रमाणे, प्रत्येक ब्लॉकमागे स्विओटीएलबीची नोंद दिसते. ही जास्तीची प्रत टाळण्यासाठी बफर «जीएफपी_डीएमए» देऊन खालच्या झोनमधून मागावा का?

---

तळपातळी

केवळ १०२४ बाइटांच्या प्रतीसाठी मी तसे करणार नाही. कॅशमधून होणारी तेवढी प्रत एसपीआयच्या वेगापुढे नगण्य आहे, आणि «जीएफपी_डीएमए»चा अर्थ प्रत्येक प्रणालीवर वेगळा आहे : पाय ४ वर तो पहिला १ जीबी, तर एक्स८६ वर पहिले १६ एमबी, जे जुन्या आयएसए कार्डांच्या २४-बिट पत्त्यांसाठी राखले गेले. ड्रायव्हरमध्ये तो लिहिला की ड्रायव्हर एका बोर्डाला बांधला जातो. ब्लॉकचे माप पुढे वाढवणार असाल तर मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी : स्विओटीएलबीतून एका वेळी सलग मिळणारी जागा २५६ केबीपेक्षा मोठी नसते आणि या एसपीआयच्या लांबीच्या रजिस्टरमध्ये १६ बिटच आहेत, त्यामुळे एका व्यवहारात ६५५३५ बाइटांच्या पुढे जाता येत नाही. १०२४ ऐवजी ४०९६ बाइटांचे ब्लॉक घेतल्यास व्यवहारांची संख्या एक चतुर्थांश होईल आणि प्रोसेसरवरील भार आणखी उतरेल. तो प्रयोग आधी करून पाहावा असे मी सुचवतो.